नाव शेवटी वाचावे
अमेरिकन कलाकुंभांची अस्सल-नक्कल पारख

ओहायो संस्थानातील एखाद्या जुन्या बाजारात मेजावर शेजारी शेजारी मांडलेल्या दोन फुलदाण्या पाहून नवख्या माणसाची बुद्धी काही काळ कुंठित होते. दोहोंचा घाट एकच असतो, दोहोंवर तीच उठावाची मॅग्नोलियाची फुले आणि तीच निळसर छटा असते, आणि तळ उलटून पाहावा तर दोहींवर ‘रोझव्हिल’ हे एकच नाव वळणदार अक्षरांत उमटलेले असते. असे असूनही जाणता संग्राहक एकीसाठी आनंदाने भरभक्कम किंमत मोजतो आणि दुसरी फुकट मिळाली तरी घरी नेत नाही. हा विक्षिप्तपणा आहे की त्याला काही कारण आहे, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडला तर तो रास्तच म्हणावा लागेल.

याचे कारण आहे, आणि ते मातीच्या व अग्नीच्या साध्या नियमांत दडलेले आहे. तळावरचे नाव ही संपूर्ण पात्रातील नक्कल करण्यास सर्वांत सोपी गोष्ट आहे. परंतु मातीचे आकुंचन, झिलईचे थंड होणे, वापराने होणारी झीज आणि कारखान्याच्या दप्तरी पद्धतीतील सुसंगती या गोष्टींची नक्कल करणे फार कठीण. म्हणून पारखीचा क्रम बहुतेक लोक ठेवतात त्याच्या उलट ठेवावा, म्हणजे पात्र आधी वाचावे आणि नाव शेवटी, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

कलाकुंभांचा उगम

१८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फिया येथे जे विराट प्रदर्शन भरले, त्यात फ्रान्समधील हॅविलँड कंपनीची झिलईखाली मातीच्या रंगांनी चित्रे काढलेली पात्रे आणि जपानी कुंभकलेचे संयत नमुने अमेरिकन लोकांनी प्रथमच विपुल प्रमाणात पाहिले. सिनसिनाटीच्या मेरी लुईझ मॅक्लॉक्लिन या विदुषीने त्या फ्रेंच पद्धतीचे रहस्य स्वतःच्या प्रयोगांनी थोड्याच काळात उकलले, आणि त्याच नगरातील धनाढ्य घराण्यात जन्मलेल्या मराया लाँगवर्थ निकल्स यांनी १८८० साली ‘रूकवुड’ हा कारखाना स्थापन केला. तेथे पात्र हे केवळ भांडे न राहता सहीनिशी काढलेल्या चित्राच्या योग्यतेला चढले; अशा पात्रांनाच येथे कलाकुंभ म्हटले आहे. पॅरिसच्या १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात रूकवुडला सुवर्णपदक मिळाले, आणि मग ओहायोपासून लुइझियानापर्यंत अशा कारखान्यांचे पीकच आले.

त्यांतील मुख्य नावे वाचकाने ध्यानी ठेवावीत. ओहायोतील झेन्सव्हिलच्या परिसरात उत्तम माती मुबलक असल्याने तेथे सॅम्युअल वेलर याचा आणि रोझव्हिल या नावाचा असे दोन मोठे कारखाने भरभराटले. बोस्टनमध्ये विल्यम ग्रूबी याने अशी एक मंद, निस्तेज वाटणारी परंतु डोळ्यांना निववणारी हिरवी झिलई सिद्ध केली, की तिच्यापुढे चकाकणारी पात्रे भडक दिसू लागली. न्यू ऑर्लीन्सच्या न्यूकम महाविद्यालयात १८९५ पासून तरुणी आपल्या प्रांतातील झाडे, फुले व पक्षी हेच मुख्य विषय घेऊन निळ्या-हिरव्या छटांची पात्रे रंगवू लागल्या. रूकवुडचाच एक गुणी चित्रकार आर्टस व्हॅन ब्रिगल क्षयाने ग्रस्त होऊन कोरड्या हवेसाठी कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला आणि तेथे त्याने स्वतःचा कारखाना काढला. मिसिसिपीतील बिलॉक्सी या किनाऱ्यावरच्या गावी जॉर्ज ओर नावाचा एक विलक्षण इसम कागदासारख्या पातळ भिंतींची पात्रे चाकावर ओढून ती हेतुपुरस्सर पिळीत, चुरगाळीत आणि दुमडीत असे. लोक त्याला वेडा कुंभार म्हणत, आणि त्यालाही ते नाव प्रिय होते.

आपल्याकडे याच दशकांत मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरील आकृती घेऊन झिलईची पात्रे घडत होती, आणि त्यांचे नमुने भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. यंत्राने केलेल्या एकसुरी मालाविरुद्ध हाताच्या कौशल्याची प्रतिष्ठा पुन्हा स्थापण्याची जी लाट त्या काळी जगभर उसळली होती, तिचेच हे दोन किनारे होत.

पात्र घडते कसे?

नक्कल ओळखावयाची तर अस्सल कसे घडते हे आधी समजले पाहिजे. कलाकुंभ मुख्यतः दोन रीतींनी घडत. पहिली रीत चाकाची. कुंभार फिरत्या चाकावर मातीचा गोळा हाताने वर ओढतो, आणि आतील बाजूस त्याच्या बोटांच्या वर्तुळाकार रेषा राहून जातात. ओरची पात्रे अशीच होत, आणि न्यूकमची पुष्कळशी पात्रे जोझेफ मायर या कुंभाराने चाकावर ओढलेली आहेत. दुसरी रीत ओतीव साच्याची. तीत प्लॅस्टरच्या पोकळ साच्यात पाण्याने पातळ केलेली माती ओततात. कोरडे प्लॅस्टर तिच्यातील पाणी शोषून घेते आणि साच्याच्या भिंतीला लागून मातीचा एक थर घट्ट होतो. तो पुरेसा जाड झाला म्हणजे उरलेली पातळ माती ओतून टाकतात. माती साच्यात जितका वेळ ठेवावी तितकी भिंत जाड होते. रोझव्हिलच्या नंतरच्या काळातील उठावाची फुले असलेला जवळजवळ सर्व माल या रीतीचा आहे.

यानंतर पात्र वाळते, पहिल्या भाजणीत कठीण होते, त्यावर झिलई चढते आणि दुसऱ्या भाजणीत ती वितळून काचेप्रमाणे पात्राला चिकटते. झिलई म्हणजे तत्त्वतः काचच होय: बारीक दळलेली गारगोटी, ती लवकर वितळावी म्हणून घातलेले शिसे किंवा तत्सम द्रव्य, आणि रंगासाठी धातूंची भस्मे. रूकवुडची जी पिवळसर-तपकिरी, मधाळ चमकेची झिलई विशेष प्रसिद्ध आहे, तिच्यात शिसे होते. म्हणून ही पात्रे शोभेसाठीच ठेवावीत, त्यांत खाद्यपदार्थ ठेवू नयेत, अशी सूचना येथेच करून ठेवणे इष्ट.

आकुंचनाचा नियम

आता मुख्य कळीकडे वळू. ओल्या मातीच्या कणांमध्ये पाणी असते. ते वाळताना निघून गेले की कण एकमेकांच्या जवळ सरकतात आणि पात्र आक्रसते. भट्टीत ते कण आणखी घट्ट जुळतात आणि पात्र पुन्हा आक्रसते. माती व भाजणीचे तापमान यांप्रमाणे हे आकुंचन कमीअधिक असते. सामान्यतः ते लांबीच्या शेकडा पाच ते बारा या मर्यादेत पडते. मूळ कारखानदाराला हे ठाऊक असल्यामुळे तो मूळ प्रतिकृती व साचा हिशेबाने मोठाच ठेवतो, म्हणजे अखेरचे पात्र हव्या त्या मापाचे उतरते.

नक्कल करणाऱ्यापाशी मात्र मूळ साचा नसतो, बाजारातून विकत घेतलेले तयार पात्र तेवढे असते. त्या पात्रावरूनच तो नवा साचा घेतो. परिणाम असा, की आधीच एकदा आक्रसून गेलेल्या आकाराचा साचा होतो आणि त्यातून निघालेले पात्र दुसऱ्यांदा आक्रसते. मूळ फुलदाणी आठ इंच उंच असेल आणि नव्या मातीचे आकुंचन शेकडा दहा असेल, तर नक्कल सात इंचांच्या थोडी वर भरते.

याच प्रक्रियेचा दुसरा दोष बारकाव्यांत दिसतो. मोदकाच्या साच्यातून काढलेल्या मोदकावर प्लॅस्टर ओतून कोणी नवा साचा केला आणि त्यात पुन्हा मोदक पाडले, तर त्या दुसऱ्या पिढीच्या मोदकांच्या कळ्या पहिल्यांइतक्या रेखीव येणार नाहीत. फुलदाणीचेही तसेच होते. मूळ पात्रावर झिलईचा थर आधीच असल्याने उठावाच्या खाचा काहीशा भरलेल्या असतात. नवा साचा त्या भरलेल्या खाचांचाच ठसा घेतो. पुढे नव्या झिलईने त्या आणखी बुजतात. पाकळ्यांच्या शिरा नाहीशा होतात, पानांच्या कडा बोथट होतात आणि देठ मूळ पात्राच्या अंगात विरून गेल्यासारखे दिसतात.

रोझव्हिलच्या बाबतीत हा नियम संग्राहकाच्या हाती आयतेच हत्यार देतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९५४ साली कारखाना बंद होईतो रोझव्हिलच्या तळावर उठावाच्या अक्षरांत नाव, ‘यू. एस. ए.’ ही अक्षरे आणि दोन अंक असत: पहिला घाटाचा क्रमांक, आणि आडव्या रेघेनंतरचा दुसरा त्या नगाचे इंचांतील माप. नक्कल करणारा तळासकट साचा घेतो, तेव्हा हे अंकही त्याच्याबरोबर येतात. तळावर आठाचा अंक आणि पट्टीवर सात इंचांच्या थोडे वरचे माप, अशी विसंगती दिसली म्हणजे ते पात्र स्वतःच्याच मुखाने स्वतःविरुद्ध साक्ष देत असते. अर्थात अस्सल मालातही अर्ध्या-पाऊण इंचाचा फेर क्वचित आढळतो, सबब निव्वळ मापावर निकाल देऊ नये. पण माप आणि बोथटपणा हे दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवू लागले, तर मग शंकेस फारसा वाव उरत नाही.

हुशार नक्कलकार हे जाणून मूळ प्रतिकृती मोठी करून नव्याने कोरतात. मग माप जुळते. परंतु कोरणाऱ्याचा हात मूळ शिल्पकाराचा नसल्याने फुलांचा तोल, कानांचे वळण आणि रंगांच्या छटा यांत तो उघडा पडतो.

खूण वाचण्याची रीत

पात्राची माती, माप आणि कोरीवपणा तपासून झाल्यावर तळाकडे वळावे. तेथेही केवळ नाव न पाहता त्या खुणेतील सर्व तपशील परस्परांशी जुळतात की नाही हे पाहावे.

या बाबतीत रूकवुडची पद्धत इतकी सुव्यवस्थित आहे की एखाद्या सरकारी दप्तराने तिचा हेवा करावा. १८८६ साली त्यांनी उलटा ‘आर’ आणि सुलटा ‘पी’ पाठीला पाठ लावून जोडाक्षरी खूण निश्चित केली. १८८७ पासून दर वर्षी त्या खुणेभोवती एकेक ज्वाळा वाढवीत नेली. १९०० साली ज्वाळा चौदा झाल्या. पुढे जागा न उरल्याने १९०१ पासून चौदा ज्वाळा कायम ठेवून खाली रोमन अंकांत साल घालण्याची वहिवाट पडली. म्हणजे सात ज्वाळा असतील तर साल १८९३, आणि चौदा ज्वाळांखाली रोमन अठ्ठावीस असेल तर १९२८. याखेरीज घाटाचा क्रमांक, मापाचे अक्षर आणि चित्रकाराची सांकेतिक सही असते. १८८७ साली रूकवुडमध्ये आलेला आणि मधला खंड वगळता १९४८ साली मृत्यू येईपर्यंत त्याच कारखान्याशी निगडित राहिलेला जपानी कलावंत कातारो शिरायामादानी हा आपली सही जपानी लिपीत करीत असे.

इतके तपशील एकत्र असले म्हणजे खोटेपणा लपविणे अवघड होते. उदाहरणार्थ, व्हॅन ब्रिगल १८९९ साली रूकवुड सोडून गेला. मग चौदा ज्वाळांच्या, म्हणजे १९०० च्या, पात्रावर त्याची सही आढळली तर सालाला आणि सहीला एकत्र नांदता येत नाही. त्याचप्रमाणे रूकवुडच्या खुणेवर चाकाने घासून काढलेली फुलीसारखी रेघ दिसली, तर ते पात्र अस्सल आहे, मात्र भट्टीतील एखाद्या दोषामुळे कारखान्यानेच त्याला दुय्यम दर्जाचे ठरविले होते, असे समजावे.

रोझव्हिलची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १९९० च्या दशकात चीनमधून रोझव्हिलच्या नकलांचा पूर अमेरिकन बाजारात आला. आरंभीच्या नकलांच्या तळावर नाव होते, पण ‘यू. एस. ए.’ ही अक्षरे नव्हती. संग्राहकांनी ही खूण हेरली आणि एकमेकांना सावध केले. पुढे नकलांच्या तळावर ती अक्षरेही अवतरू लागली. नुसत्या खुणेवर विसंबणाऱ्याची अशी गत होते: जी चूक जगजाहीर होते ती दुरुस्त होते, तयार पात्रावरून घेतलेल्या साच्यातील आकुंचन आणि बोथटपणा मात्र इतक्या सहजी दुरुस्त करता येत नाहीत.

उलट, नाव नसणे हेही नेहमी खोटेपणाचे लक्षण नव्हे. १९३० च्या आगेमागे निघालेल्या ‘सनफ्लॉवर’, ‘जॉन्क्विल’ इत्यादी रोझव्हिलच्या नमुन्यांवर बहुधा कागदाची किंवा वर्खाची चिठ्ठीच लावीत, आणि ती धुण्यापुसण्यात गळून जाई. अशा नमुन्याच्या तळावर नंतरच्या काळातील उठावाचे नाव ठसठशीत दिसले, तर ते नाव असणेच संशयास्पद ठरते.

नकलेच्या पाच जाती

‘अस्सल नाही’ या एका शब्दप्रयोगात पाच निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या जातात, आणि त्यांचा निवाडा निरनिराळा करावा लागतो.

पहिली जात समकालीन अनुकरणाची. वेलरने रूकवुडच्या तपकिरी शैलीचे अनुकरण करून ‘लूवेल्सा’ नावाचा माल काढला. ग्रूबीच्या मंद हिरव्या झिलईचे स्वस्त अनुकरण इतक्यांनी केले की तो धंद्यात मागे पडला आणि १९०९ साली त्याच्या कंपनीचे दिवाळे निघाले. परंतु हे माल आपापल्या कारखान्याच्या नावानेच विकले जात, म्हणून ते लबाडीचे नव्हेत आणि आज त्यांचाही स्वतंत्र संग्रह होतो.

दुसरी जात त्याच कारखान्याच्या पुनरावृत्तीची. केसांसह पात्राच्या काठाभोवती वेटोळे घालणाऱ्या स्त्रीची आकृती असलेली व्हॅन ब्रिगलची ‘लोरेलाय’ ही फुलदाणी त्याच्या हयातीतच निघाली. तो १९०४ साली वारला, तरी कारखाना विसाव्या शतकाच्या पलीकडेही चालू राहिला आणि ती फुलदाणी पुनःपुन्हा काढीत राहिला. आरंभीच्या नगांवर साल कोरलेले असे, नंतरच्यांवर नसे. नंतरचा नग खोटा नव्हे, पण त्याला आरंभीच्या नगाची किंमत देणे हा भाबडेपणा होय. रूकवुडचेही तसेच झाले: १९४१ साली दिवाळखोरी, पुढे मिसिसिपीत स्थलांतर, १९६७ साली कारखाना बंद, आणि १९८२ साली मिशिगनच्या एका दंतवैद्याने नावासह साचे विकत घेतल्यावर त्यांतून पुन्हा काही माल निघाला.

तिसरी जात निव्वळ नकलेची. वर सांगितलेले चिनी रोझव्हिल या सदरात पडतात.

चौथी जात सर्वांत कपटी, कारण तीत पात्र अस्सल असते आणि काही भाग बनावट. ओरने उत्तरायुष्यात पुष्कळ पात्रे हेतुतः झिलईविना ठेवली. त्याने सांभाळलेली हजारो पात्रे त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने, १९७० च्या आसपास, त्याच्या कुटुंबाकडून एका व्यापाऱ्याने एकगठ्ठा विकत घेतली. मग त्यांची कीर्ती झाली, आणि रंगीत झिलईच्या पात्रांना अधिक भाव येतो हे पाहून कोणी कोणी झिलईविना असलेल्या पात्रांवर नवी झिलई चढवून ती पुन्हा भाजली. येथे माती, हात आणि सही सारे ओरचे असते. फक्त रंग परक्याचा असतो. अशा पात्रावर जुना टवका असेल तर भिंगाने त्याची कड पाहावी. झिलई टवक्याच्या कडेवर तुटलेली असेल तर ती टवक्याच्या आधीची. ती टवक्यात ओघळून गुळगुळीत बसली असेल तर ती नंतरची.

पाचवी जात कल्पित मालाची: ज्या कारखान्याने जे कधीच काढले नाही, त्यावर त्याचे नाव. मॅकॉय या ओहायोतील कारखान्याच्या नावाने बिस्किटांच्या बरण्यांचे असे पुष्कळ प्रकार बाजारात फिरतात. घाट मूळ सूचीतच नसेल तर तुलनेस अस्सल नग मिळणार तरी कोठून? म्हणून कारखान्याच्या मालाच्या छापील याद्या संग्रही ठेवणे अगत्याचे.

तडे, झीज आणि डागडुजी

जुन्या पात्रांच्या झिलईवर अनेकदा केसासारख्या तड्यांची जाळी दिसते. भट्टीतून निघून थंड होताना झिलई आणि आतील माती दोन्ही आक्रसतात. झिलई मातीपेक्षा अधिक आक्रसू पाहते, पण मातीला घट्ट चिकटलेली असल्याने तिला तसे करता येत नाही. ती ताणली जाते आणि तो ताण असह्य झाला म्हणजे तडकते. कधी हे भट्टीतून निघतानाच घडते, तर कधी सच्छिद्र माती वर्षानुवर्षे हवेतील ओल शोषून किंचित फुगते आणि मग झिलई तडकते.

परंतु ही जाळी म्हातारपणाचा दाखला मानू नये, कारण नवी झिलईही तापवून एकदम थंड केली तर तडकते, आणि तड्यांत चहाचे पाणी किंवा बुटाचे पॉलिश मुरविले की ती जुनी भासते. खरा मळ वर्षानुवर्षे साचल्याने कोठे गडद, कोठे फिकट असा विषम असतो. मुद्दाम मुरविलेला रंग सर्वत्र सारखा. झिजेचेही तसेच. पात्र ज्या ठिकाणी फळीवर टेकते तेवढेच बूड झिजते आणि त्यावरील ओरखडे सर्व दिशांना जातात. काचकागदाने घासलेले ओरखडे एकाच दिशेने, समांतर जातात, आणि कित्येकदा जेथे पात्र टेकतच नाही तेथेही उमटतात.

अस्सल पात्रावर डागडुजी झाली आहे की काय याचीही शहानिशा करावी. माठ घेताना आपल्याकडे टिचकी मारून पाहतात. तीच रीत येथेही उपयोगी पडते, कारण अखंड पात्र घुमते आणि भेगाळलेले बदबद वाजते. पात्र एका हाताच्या तळव्यावर सैल धरावे आणि टिचकी हलकीच मारावी. याशिवाय अंधाऱ्या खोलीत जंबुपार किरणांचा दिवा पात्रावर धरला असता मूळ झिलई आणि नंतर फवारलेला रंग निरनिराळे उजळतात व दुरुस्तीचा पट्टा डोळ्यांत भरतो. मात्र काही अलीकडची दुरुस्तीद्रव्ये या दिव्यालाही दाद देत नाहीत. अशा वेळी बोटाचे टोक किंवा दात उपयोगी: काच थंड व कठीण लागते, रंग किंचित उबदार व मऊ.

कायदा कोठवर साह्य करतो?

आयात मालावर उगमदेशाचे नाव घालण्याची सक्ती अमेरिकेत १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यापासून, म्हणजे मार्च १८९१ पासून, आहे. पण हे नाव चिकटविलेल्या कागदी चिठ्ठीवर असले तरी चालते, आणि चिठ्ठी एका नखाने निघते. जुन्या वस्तूंच्या प्रतिकृतींवर तशी ओळखीची खूण घालण्याची सक्ती करणारा १९७३ चा छंद-संरक्षण कायदा आहे खरा, परंतु त्याचा अंमल नाणी-चलनादी वस्तू व राजकीय प्रचाराच्या वस्तू एवढ्यापुरताच आहे. मातीची पात्रे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तेव्हा ग्राहकाने आपली खातरजमा आपणच करणे भाग आहे. त्यासाठी विकणाऱ्याकडून पावतीवर कारखान्याचे नाव, अंदाजे साल, डागडुजीचा तपशील आणि नग अस्सल न निघाल्यास पैसे परत करण्याची कबुली लिहून घ्यावी. जो हे लिहून देण्यास कां-कूं करतो, त्याच्या मालाबद्दल अधिक चौकशी करण्याची गरज उरत नाही.

> थोडक्यात : पात्र हाती घेतल्यावर
>
> १. आधी दूरवरून घाट, रंग व तोल पाहावा. भडकपणा आणि बोथटपणा यांची नोंद घ्यावी.
>
> २. पट्टीने उंची मोजावी; तळावरील मापाच्या अंकाशी किंवा छापील यादीशी ताडून पाहावी.
>
> ३. आत डोकावून पात्र चाकावरचे की साच्यातले, हे त्या कारखान्याच्या रीतीशी जुळते का ते पाहावे.
>
> ४. झिलईचे तडे, मळ, बुडाची झीज व टवक्यांच्या कडा भिंगाने तपासाव्यात.
>
> ५. टिचकी मारून ऐकावे. जमल्यास जंबुपार दिव्याखाली पाहावे.
>
> ६. शेवटी नाव, साल, घाट-क्रमांक व सही वाचून त्यांची परस्पर संगती लावावी.
>
> ७. पावतीवर लेखी तपशील घेतल्याविना पैसे देऊ नयेत.

नवख्या संग्राहकास दोन शब्द

अमेरिकेत वसलेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांना असा छंद जडला असेल, त्यांनी पहिल्या वर्षी खरेदी कमी आणि निरीक्षण अधिक करावे. सिनसिनाटीच्या कलासंग्रहालयात रूकवुडचा, तर बिलॉक्सीच्या संग्रहालयात ओरचा उत्तम संग्रह आहे. तेथे काचेपलीकडे का होईना, अस्सल मालाचा रंग व रेखीवपणा डोळ्यांत मुरवून घ्यावा. विक्रीपूर्वीच्या लिलाव-दर्शनात तर पात्रे हाती घेऊन वजन, जाडी व तळ पाहण्याची मुभा असते, आणि हे शिक्षण विनामूल्य मिळते. एखादी स्वस्तशी नक्कल जाणूनबुजून विकत घेऊन अस्सल नगाशेजारी ठेवणे हाही उत्तम अभ्यास आहे. मात्र तिच्या तळावर न पुसणाऱ्या शाईने ‘नक्कल’ असे लिहून ठेवावे, म्हणजे आपल्या पश्चात ती अस्सल म्हणून दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडणार नाही.